केळीच्या ऑफिसातल्या ग्रुपवर बॉट कसा बसवायचा : पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

सकाळी साडेसहा ते साडेआठ. रावेर तालुक्यातल्या आमच्या पॅकहाऊसच्या ऑफिसात या दोन तासांत फोन खाली ठेवायला फुरसत नसते. शेतकरी विचारतात, "आज भाव काय निघाला?" कापणीच्या टोळीचा मुकादम विचारतो, "कोणाच्या बागेत जायचं?" अमळनेरकडचा ड्रायव्हर विचारतो, "भाऊ, गाडी कोठे शे?" या सगळ्याची उत्तरं आदल्या संध्याकाळीच गूगल शीटमध्ये भरलेली असतात. तरी प्रत्येकाला ती तोंडी सांगायला एक माणूस अडकून पडतो, आणि घाईत कधीतरी चुकीचा आकडा सांगितला जातो.

शीटमधलं उत्तर ग्रुपवर आणून ठेवायचं काम आता आमच्याकडे बॉट, म्हणजे आपोआप उत्तर देणारा प्रोग्रॅम, करतो. तो कसा बसवला ते इथे क्रमाने सांगतो. जिनिंग असो, दालमिल असो, ट्रान्सपोर्टचं ऑफिस असो की पतसंस्था, पद्धत हीच. गूगल शीट भरता येत असेल तर एवढं तुम्हाला जमेल. अडीच-तीन तास निवांत काढा. पैसे लागत नाहीत.

आधी वही, मग मोबाईल

पहिले चार दिवस बॉटचं नाव काढू नका. एका वहीत ग्रुपवर आणि फोनवर आलेला प्रत्येक प्रश्न लिहा, ज्या शब्दांत आला त्याच शब्दांत. चार दिवसांनी पान बघितलं की दिसतं, दोन-तीनच प्रश्न फिरून फिरून येतात. त्यातला एक निवडा. फक्त एक. पहिल्याच दिवशी भाव, गाडी, हजेरी, पगार सगळं घालायला गेलात तर काहीच धड होत नाही, आणि लोकांचा एकदा विश्वास उडाला की पुन्हा बसवता येत नाही.

आम्ही भाव निवडला. आपल्याकडे केळीचा भाव म्हणजे एक आकडा नसतो, हे इथल्या माणसाला सांगायला नको. नवतीचा (नव्या लागवडीचा) वेगळा, पिलबागेचा (पिलांवर धरलेल्या पुढच्या पिकाचा) वेगळा, वापसीचा (प्रतवारीत मागे पडलेल्या मालाचा) वेगळा. म्हणून शीटमध्ये रकाने असे केले : तारीख, नवती, पिलबाग, वापसी, कोणी भरलं, किती वाजता भरलं. शेवटचे दोन रकाने लोक गाळतात. गाळू नका. आकड्यावर वाद झाला तर तेच कामाला येतात.

आणि एक नियम पहिल्या दिवसापासून पाळा : आजच्या तारखेची ओळ नसेल तर बॉटने कालचा भाव सांगायचा नाही. त्याने "आजचा भाव अजून भरलेला नाही" एवढंच म्हणायचं. शेतकरी त्या आकड्यावर कापणीचा निर्णय घेतो. एकदा घड कापला की तो परत झाडाला लागत नाही. शिळा आकडा सांगण्यापेक्षा उत्तर न दिलेलं केव्हाही बरं.

ही भावाची शीट वेगळी फाईल म्हणून ठेवा. उधारी, पगार, बँकेचे तपशील ज्या फाईलमध्ये आहेत तिच्यात एक पान वाढवून भागवू नका.

कोणतं अ‍ॅप

ग्रुप तर सगळ्यांचे व्हॉट्सअ‍ॅपवर आहेत, मग तिथेच का नाही, असं सगळ्यात आधी विचारलं जातं. व्हॉट्सअ‍ॅपवर व्यवसायासाठी अधिकृत रस्ता आहे, पण त्यात नंबर नोंदवा, कंपनीची पडताळणी करा, ठरावीक प्रकारच्या मेसेजचे पैसे भरा, असा पसारा आहे. छोट्या ऑफिसला पहिल्याच फटक्यात तो झेपत नाही. दुसरीकडे संगणकावर व्हॉट्सअ‍ॅप उघडं ठेवून ते आपोआप चालवणारी जुगाडं फुकट मिळतात. ती वापरू नका असं मी अगदी कळकळीने सांगतो. ती व्हॉट्सअ‍ॅपच्या अटींत बसत नाहीत आणि नंबर बंद होऊ शकतो. ऑफिसचा नंबर वर्षानुवर्षं शेकडो शेतकऱ्यांच्या मोबाईलमध्ये साठवलेला असतो. तो गेला तर काय जातं याचा विचार करा.

टेलिग्रामवर बॉट बनवणं फुकट आहे, अधिकृत आहे आणि ग्रुपमध्ये सहज बसतं. म्हणून आम्ही कामाचा एक ग्रुप टेलिग्रामवर काढला. लोकांना नवीन अ‍ॅप घ्यायला लावणं हे खरं अवघड काम. आम्ही मुकादमांच्या मोबाईलवर ते स्वतः बसवून दिलं, तेव्हा कुठे ग्रुप भरला.

बॉटचा जन्म

आता एक सूचना. टेलिग्रामच्या आज्ञा रोमन लिपीतच चालतात. मी या लेखात त्या देवनागरीत लिहितोय, तुम्ही मोबाईलवर लहान इंग्रजी अक्षरांत टाइप करा.

टेलिग्रामच्या शोधात "बॉटफादर" टाका. सारख्या नावाची नकली खाती बरीच दिसतील. नावापुढे निळी खूण असलेलंच उघडा. तिथे "/न्यूबॉट" अशी आज्ञा द्या. तो आधी बॉटचं नाव विचारतो. हे नाव मराठीत देता येतं, आम्ही "केळी भाव" ठेवलं. मग तो यूजरनेम मागतो. ते मात्र इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोअर एवढ्यातच बसवायचं, आणि त्याच्या शेवटी "बॉट" हा शब्द हवाच. पहिली दोन-तीन नावं आधीच कोणीतरी घेतलेली निघतात. मग गावाचं किंवा फर्मचं नाव जोडा.

हे झालं की बॉटफादर एक लांबलचक ओळ देतो : आधी आकडे, मग कोलन (:), मग अक्षरांची माळ. हे टोकन. ज्याच्या हातात टोकन त्याच्या हातात बॉट, इतकं सरळ गणित आहे. ते ग्रुपवर टाकू नका, स्क्रीनशॉटमध्ये येऊ देऊ नका, मदतीला आलेल्या पोरालाही फॉरवर्ड करू नका. चुकून बाहेर गेलंच तर बॉटफादरला "/रिव्होक" सांगा. जुनं टोकन तिथल्या तिथे मरतं आणि नवीन मिळतं.

तिथेच "/सेटकमांड्स" देऊन आज्ञांची यादी भरा. आमच्याकडे एकच होती, "/भाव". आज्ञा रोमन लिपीत, पण तिच्यापुढचं वर्णन मराठीत लिहिता येतं : "आजचा नवती, पिलबाग, वापसी भाव". ग्रुपमध्ये तिरकी रेघ टाइप केली की ही यादी वर उघडते आणि बोटाने दाबता येते. इंग्रजी टाइप न करणाऱ्या माणसाची अडचण इथेच सुटते.

शीट आणि बॉट यांची गाठ

आता संगणकावर बसा. भावाची शीट उघडा, वर "एक्स्टेंशन्स"मध्ये जाऊन "अ‍ॅप्स स्क्रिप्ट" निवडा. कोरं पान उघडेल. इथे चाळीस-पन्नास ओळींची स्क्रिप्ट लागते. ती स्वतः लिहा, जाणकाराकडून लिहून घ्या किंवा एआय चॅटबॉटला सांगून घ्या. पण तिच्यात काय काय असलं पाहिजे हे तुम्हाला कळायला हवं, म्हणून ते सांगतो.

पहिलं, टोकन स्क्रिप्टच्या ओळींत लिहायचं नाही. डावीकडच्या गिअरच्या खुणेत "प्रोजेक्ट सेटिंग्ज" आहे, तिथे खाली "स्क्रिप्ट प्रॉपर्टीज" असतात. टोकन तिथे साठवा आणि स्क्रिप्टला ते तिथून वाचायला सांगा. म्हणजे पुढे स्क्रिप्ट कोणाला दाखवली, एआयला पेस्ट करून दुरुस्त करून घेतली, तरी टोकन बाहेर जात नाही.

दुसरं, त्याच पानावर टाइम झोन भारताचा, म्हणजे कोलकात्याचा आहे का ते बघा. माझा अमेरिकेचा राहिला होता. थंडीचे दिवस होते. भाव भरलेला असूनही बॉट रोज सकाळी "अजून भरलेला नाही" म्हणायचा, आणि साडेदहा वाजले की आपोआप बरोबर उत्तर द्यायला लागायचा. दोन दिवस मी शीटमध्येच चूक शोधत बसलो. न्यूयॉर्कची घड्याळं हिवाळ्यात आपल्या साडेदहा तास मागे असतात. तिथे तारीख बदलली की इथे उत्तर सुधारत होतं.

तिसरं, येणारा मेसेज घेणारा भाग. त्याचं नाव "डूपोस्ट" असंच ठेवावं लागतं, टेलिग्रामकडून आलेला प्रत्येक मेसेज गूगल त्याच नावाच्या भागाकडे देतो. त्याने क्रमाने एवढं करायचं : मेसेज आपल्याच ग्रुपमधून आलाय का बघायचं, आज्ञा "/भाव" आहे का बघायचं, शीटमध्ये आजच्या तारखेची ओळ शोधायची, आणि "सेंडमेसेज" या टेलिग्रामच्या आज्ञेने उत्तर धाडायचं. एक बारकावा : ग्रुपमध्ये यादीतून आज्ञा दाबली की तिच्यामागे पुष्कळदा "@" आणि बॉटचं यूजरनेम चिकटून येतं. म्हणून "/भाव" हाच सबंध मजकूर आहे का असं तपासू नका, सुरुवात तशी आहे का ते तपासा.

उत्तर साधं ठेवा. आमचं असं येतं, आकडे नमुन्याचे :

आजचा भाव, १२ जानेवारी
नवती : १,४५०
पिलबाग : १,३००
वापसी : ९००
रुपये प्रति क्विंटल. भरला : काल सायं. ७.४०

ठळक, तिरपी अक्षरं करण्याच्या नादी लागू नका. त्यासाठीच्या खुणांत एखादा अंडरस्कोअर एकटा राहिला तर टेलिग्राम मेसेजच नाकारतो, आणि बॉट गप्प का बसला हे तुम्हाला कळत नाही.

चौथी गोष्ट महत्त्वाची, कारण जवळजवळ प्रत्येक नवखा इथे अडकतो. मेसेज मिळाल्याची पोच स्क्रिप्टने टेलिग्रामला द्यावी लागते. "कंटेंटसर्व्हिस" वापरून पोच दिली तर गूगल ती दुसऱ्या पत्त्यावर वळवतो. टेलिग्रामला वाटतं निरोप पोचलाच नाही, म्हणून तो तोच मेसेज पुन्हा पुन्हा पाठवतो. पहिल्या दिवशी आमच्या ग्रुपवर एकदा विचारलेल्या भावाचं उत्तर कितीतरी वेळा येऊन पडलं, तेही पहाटे, टोळ्या निघायच्या वेळी. चूक माझ्या स्क्रिप्टची होती. उपाय दोन, दोन्ही करा. पोच "एचटीएमएलसर्व्हिस"ने द्या. आणि प्रत्येक मेसेजसोबत जो "अपडेट आयडी" येतो तो साठवून ठेवा. तोच आकडा परत आला तर काही न करता सोडून द्या.

पत्ता काढणे

स्क्रिप्ट झाली की वर उजवीकडे "डिप्लॉय", मग "न्यू डिप्लॉयमेंट", प्रकार "वेब अ‍ॅप". दोन प्रश्न येतात. कोणाच्या नावाने चालवायचं : "मी". कोणाला पोचता येईल : "एनिवन". दुसऱ्याला लोक घाबरतात. याचा अर्थ तुमची शीट जगाला दिसते असा नाही. अर्थ इतकाच, की या पत्त्याचं दार कोणीही ठोठावू शकतं, आणि टेलिग्रामला ते ठोठावता आलं पाहिजे. दार कोणासाठी उघडायचं हे स्क्रिप्टने ठरवायचं. त्यासाठी पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह देऊन स्वतःचा एक गुप्त शब्द जोडा आणि तो शब्द नसेल तर स्क्रिप्टने काहीच करू नये असं लिहा.

परवानगी मागताना गूगल "हे अ‍ॅप पडताळलेलं नाही" असं लाल चिन्हासकट दाखवतो. स्क्रिप्ट तुमचीच आहे, "अ‍ॅडव्हान्स्ड"वर जाऊन पुढे जा. दुसऱ्याची आयती स्क्रिप्ट असेल तर मात्र इथे थांबा आणि ओळ न् ओळ वाचल्याशिवाय परवानगी देऊ नका.

मिळालेला पत्ता "सेटवेबहुक" या आज्ञेने टेलिग्रामला कळवायचा. टेलिग्रामने मेसेज कुठे धाडायचे याची ही नोंद म्हणजे वेबहुक. ब्राउझरच्या पट्टीत टेलिग्रामच्या एपीआयचा (प्रोग्रॅमसाठी ठेवलेल्या दाराचा) पत्ता, त्यापुढे "बॉट" हा शब्द आणि त्याला चिकटून टोकन, मग ही आज्ञा, मग आपला पत्ता असं लिहून एंटर दाबलं की झालं. काम झालं की ब्राउझरच्या हिस्ट्रीतून ती ओळ पुसा, तिच्यात टोकन आहे.

इथून पुढे एक गोष्ट कायम लक्षात ठेवा. स्क्रिप्टमध्ये एक अक्षर बदललं तरी नुसतं "सेव्ह" पुरत नाही. "मॅनेज डिप्लॉयमेंट्स"मध्ये जाऊन पेन्सिल दाबा, "न्यू व्हर्जन" निवडा, मग डिप्लॉय करा. असं केलं की पत्ता तोच राहतो. पुन्हा "न्यू डिप्लॉयमेंट" दाबलं तर पत्ता बदलतो आणि टेलिग्राम जुन्याच दारावर थांबतो.

ग्रुपमध्ये घेणे

आधी खासगीत बोलून बघा. बॉट आपणहून कोणाशी बोलणं सुरू करू शकत नाही. आधी माणसाने "/स्टार्ट" दाबावं लागतं. नंतर त्याला ग्रुपमध्ये सभासद म्हणून घ्या.

ग्रुपला एक आकडा असतो, चॅट आयडी, आणि ग्रुपचा असेल तर तो उणे चिन्हाने सुरू होतो. स्क्रिप्टने ग्रुपमधून पहिल्यांदा आलेल्या मेसेजचा चॅट आयडी शीटच्या एका पानावर लिहावा असं करा. तो तिथून उचला, "स्क्रिप्ट प्रॉपर्टीज"मध्ये ठेवा, आणि फक्त त्याच ग्रुपला उत्तर द्यायचं असं बंधन घाला. नाहीतर कोणीही तुमचा बॉट स्वतःच्या ग्रुपमध्ये नेऊन तुमचा भाव बघत बसेल. ग्रुपमध्ये घेऊन झालं की बॉटफादरकडे "/सेटजॉइनग्रुप्स" बंद करून टाका.

ग्रुपमधले लोक विचारतात, हा बॉट आमचं सगळं बोलणं वाचतो का? रास्त प्रश्न आहे, नीट उत्तर द्या. बॉटची प्रायव्हसी मोड मुळातच चालू असते. त्यात त्याला आज्ञा आणि त्याच्या मेसेजला दिलेली उत्तरं दिसतात, बाकी गप्पा दिसत नाहीत. पण त्याला अ‍ॅडमिन केलं की सगळं दिसतं. भाव सांगायला अ‍ॅडमिन लागत नाही, म्हणून करू नका. आम्ही हे ग्रुपवर मराठीत लिहून वर पिन करून ठेवलंय.

आणखी एक खाच. साध्या ग्रुपमध्ये काही सेटिंग बदलल्या, उदाहरणार्थ नव्या सभासदांना जुने मेसेज दिसू द्यायचे ठरवलं, की टेलिग्राम त्याचा "सुपरग्रुप" करतो. माणसांना काही फरक जाणवत नाही, पण चॅट आयडी बदलतो आणि बॉट अचानक मुका होतो. ग्रुपच्या सेटिंग आधी कायम करून घ्या, मग आयडी काढा.

सकाळचा मेसेज

विचारल्यावर सांगणं आठवडाभर सुरळीत चाललं, की मग न विचारता सांगणं जोडा. अ‍ॅप्स स्क्रिप्टमध्ये डावीकडे घड्याळाची खूण आहे, "ट्रिगर्स". रोज, सकाळी ५ ते ६ असा वेळ निवडा. तो त्या तासात कधीही वाजतो, मिनिटावर भरवसा ठेवू नका. ओळ भरलेली नसेल तर सकाळचा मेसेज जाऊच नये, त्याऐवजी शीट भरणाऱ्याला खासगीत आठवण जावी असं करा. त्याने एकदा "/स्टार्ट" दाबलेलं असलं म्हणजे झालं.

मर्यादांची काळजी छोट्या ऑफिसला करावी लागत नाही. साध्या गूगल खात्यावरून स्क्रिप्टला दिवसाला २०,००० वेळा बाहेर निरोप धाडता येतो. एका ग्रुपमध्ये बॉटने मिनिटाला २०पेक्षा जास्त मेसेज टाकू नयेत, एवढं टेलिग्रामचं म्हणणं आहे.

बॉट गप्प बसला तर

घाबरून सगळं पुसून नव्याने सुरू करू नका. ब्राउझरमध्ये "सेटवेबहुक"च्या जागी "गेटवेबहुकइन्फो" घालून बघा. किती मेसेज अडकून पडलेत आणि शेवटची चूक काय झाली हे तिथे लिहून येतं. चूक "३०२" असेल तर वर सांगितलेली पोचेची भानगड. "४०१" दिसलं तर बहुधा "एनिवन" निवडायचं राहिलंय. काहीच चूक नसेल आणि तरी उत्तर येत नसेल, तर अ‍ॅप्स स्क्रिप्टमधल्या "एक्झिक्यूशन्स"च्या यादीत लाल ओळ शोधा. तीही नसेल तर चॅट आयडी जुळवून बघा आणि शीटमधली तारीख खरी तारीख आहे की नुसता मजकूर आहे ते बघा. कोणीतरी "१२ जाने." असं हाताने टाइप केलेलं असतं, आणि स्क्रिप्टच्या लेखी ती तारीख नसते. त्या रकान्यावर डेटा व्हॅलिडेशन लावून टाका, म्हणजे खरी तारीख सोडून दुसरं काही भरताच येणार नाही.

दुरुस्तीनंतर अडकलेले जुने प्रश्न एकदम सुटू नयेत म्हणून वेबहुक पुन्हा लावताना "ड्रॉप पेंडिंग अपडेट्स" चालू ठेवा.

कोणाच्या नावावर

बॉट ज्या टेलिग्राम खात्यावरून बनवला त्याच्या मालकीचा असतो, आणि स्क्रिप्ट ज्या गूगल खात्यात आहे त्याच्या. पुष्कळ ऑफिसांत दोन्ही एखाद्या हुशार पोराच्या खासगी नंबरवर असतात, आणि तो पुण्याला नोकरीला गेला की बॉटला वाली राहत नाही. म्हणून सुरुवातीलाच ऑफिसच्या नंबरवरून आणि ऑफिसच्या ईमेलवरून करा, दोन्हीला टू-स्टेप पडताळणी लावा, पासवर्ड मालकाच्या कपाटातल्या वहीत लिहून ठेवा. आधीच खासगी नंबरवर झालं असेल तर बॉटफादरच्या "/मायबॉट्स"मध्ये मालकी दुसऱ्या खात्याकडे देण्याची सोय आहे. आमच्या बॉटची मालकी मी गेल्याच आठवड्यात ऑफिसच्या नंबरवर करून दिली. शीट भरणाऱ्या ताईंना न्यू व्हर्जन कसं काढायचं ते दोनदा त्यांच्याच हाताने करायला लावलं. आता त्या "/गाडी" जोडताहेत.